धक्क्यावरचा काळपट कुरव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळी उतरायला लागते तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. ट्रॉलर एकामागून एक धक्क्याला लागतात, पाट्या वर येतात, बर्फाचा चुरा चपलांखाली करकरतो, आणि लिलाव पुकारणाऱ्या बायकांचे आवाज इंजिनांच्या आवाजावर चढतात. या गर्दीत उभं राहून लिहिणं हे माझं काम. आलेल्या बोटींतल्या काही बोटी ठरलेल्या पद्धतीने निवडायच्या, त्यांनी बांगडा किती आणला, तारली किती, राणी मासा, म्हाकूल, कोळंबी किती, हे जातवार नोंदवायचं, थोड्या माशांची लांबी पट्टीवर मोजायची, आणि बोट कुठे, किती वावात, किती तास जाळं ओढत होती ते तांडेलाला विचारायचं. निवडलेल्या बोटींच्या आकड्यांवरून मग सगळ्या बंदराचा अंदाज बांधला जातो. आकडा चुकीचा लिहिला तर तो पुढे कित्येक पटींनी चुकतो, म्हणून प्रत्येक पाटीपाशी थांबावं लागतं.

कुरव मोजायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मासळीबरोबर ते असतातच. जाळं वर येताना बोटीच्या मागे, पाट्या धुताना धक्क्याच्या कडेला, कुटा, म्हणजे टाकाऊ मासळी, वेगळा काढताना तर डोक्यावर. मासळीच्या वहीच्या शेवटच्या पानांवर मी त्यांच्या नोंदी ठेवू लागले आणि हळूहळू त्या पानांची वेगळी वही झाली.

पक्षी बघणाऱ्या पुष्कळ जणांना कुरवांचा कंटाळा असतो. सगळे पांढरे-राखाडी, सगळे ओरडणारे, आणि खातात काय तर घाण. मला हे मान्य नाही. रत्नागिरीच्या धक्क्यावर नोव्हेंबरात जो सगळ्यात साधा, सगळ्यात जास्त दिसणारा कुरव असतो, तो तपकिरी डोक्याचा कुरव. त्यांची घरटी असतात लडाखमध्ये आणि तिबेटच्या पठारावर. त्सो मोरीरी, त्सो कार अशा सरोवरांच्या काठी, साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथे पाणी गोठायच्या आत ते निघतात आणि आपल्या कोळणींच्या पाट्यांशेजारी येऊन बसतात. काळ्या डोक्याचा कुरव त्याहून उत्तरेकडून, पश्चिमेकडून येतो. पालासचा मोठा कुरव मध्य आशियातल्या तळ्यांवरून. काळसर पाठीचा ह्यूग्लिनचा कुरव तर पार रशियाच्या टुंड्रातून. एका धक्क्यावर इतक्या मुलुखांतले पक्षी एकत्र भांडतात, आणि आपण त्यांना नुसतं ‘कुरव’ म्हणून सोडून देतो.

त्यांची ओळख पटवणं अवघड असतं, आणि त्यातच खरी गोडी आहे. कुरव जन्मतः मोठ्यांसारखा दिसत नाही. लहान आकाराच्या जातींना प्रौढ पिसारा यायला साधारण दोन वर्षं लागतात, मोठ्या जातींना चार. दरम्यान दर वर्षी पिसं झडतात, नवी येतात, चोचीचा रंग बदलतो, पायांचा बदलतो, शेपटीवरचा काळा पट्टा हळूहळू जातो. शिवाय प्रौढ पक्ष्याचाही विणीचा पिसारा वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं आपल्याकडे हिवाळ्यात तपकिरी नसतंच. ते पांढरं असतं, आणि कानापाशी तेवढा एक गडद ठिपका. काळ्या डोक्याच्या कुरवाचंही तसंच. मग दोघांत फरक करायचा तो पंखाच्या टोकावरून: तपकिरी डोक्याच्याला काळं टोक आणि त्यात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्याला पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळाही फिकट असतो, पण तो दिसायला पक्षी जवळ हवा. हे सगळं हाताला बसायला मला काही हिवाळे लागले. पुस्तक उघडून शिकता येतं ते थोडं, बाकीचं धक्क्यावर उभं राहूनच येतं.

नोव्हेंबरातल्या अशाच एका सकाळी मी बंधाऱ्यावर बसलेला थवा मोजत होते. ऊन अजून बंधाऱ्यावर आलं नव्हतं, त्यामुळे पक्ष्यांवर चकाकी नव्हती. कुरव बघायला असाच प्रकाश चांगला. भर उन्हात पांढरा रंग डोळे दिपवतो आणि राखाडीच्या छटा कळेनाशा होतात. मी दहा-दहाचे गट डोळ्यांनी बांधत उजवीकडे सरकत होते, आणि एका गटात एक पक्षी बसेना. उंचीला तो शेजारच्या तपकिरी डोक्याच्या कुरवांएवढाच, पण अंगाने भरीव. पाठ राखी-तपकिरी, गडद. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डोकं तपकिरी, अगदी गळ्यापर्यंत. नोव्हेंबरात. आजूबाजूच्या शेकडो पक्ष्यांची डोकी पांढरी असताना.

मी दुर्बीण खाली ठेवली नाही. अशा वेळी मनात नाव उमटायच्या आधी पक्ष्याचा एकेक भाग सावकाश पाहून घ्यावा लागतो, कारण एकदा नाव आलं की डोळे त्या नावाला सोयीचं तेवढंच बघतात. चोच लांब आणि जाड, पिवळट हिरवी, टोकाच्या अलीकडे काळा पट्टा आणि अगदी टोकाला लाल. डोळ्याच्या वर छोटी पांढरी कोर. मानेवर मागच्या बाजूला पांढरा अर्धा गळपट्टा. छातीवर राखी-तपकिरी पट्टा, पोट पांढरं. पाय पिवळट, पण मळकट. मी हे कॅमेऱ्याला हात लावण्याआधी वहीत लिहिलं, वेळ लिहिली, प्रकाश कुठून होता ते लिहिलं. मग फोटो घेतले. आणि मग थांबले, कारण सगळ्यांत हवं होतं ते अजून दिसलं नव्हतं: पंखाची खालची बाजू.

तो लवकर उठला नाही. माझ्या बोटी उतरत होत्या, काट्यावर पाट्या चढत होत्या, आणि मला तिकडे जायचं होतं. माझ्याबरोबर नोंदी घेणाऱ्या मुलाला मी पहिली बोट सांभाळायला सांगितली. अखेर एक घार थव्यावरून खाली गेली आणि बंधारा रिकामा झाला. उडताना तो लगेच वेगळा पडला. लांब, गडद पंख, खालूनही काळपट, मागच्या कडेला पांढरी किनार, शेपटी पांढरीशुभ्र. बाकीचे कुरव त्याच्याभोवती कागदासारखे फिके वाटत होते. चार-पाच फोटो नीट मिळाले.

हा सूटी गल होता. एडनच्या आखातापासून ओमान आणि पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापर्यंत, तांबड्या समुद्रात आणि खाली आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणारा कुरव. भारतात क्वचित दिसणारा.

वहीत ‘सूटी गल’ असं मी त्या वेळी लिहिलं ते पेन्सिलीने. आणि कॅमेरा घेऊन शेडमध्ये जाळं सांधत बसलेल्या चाचांकडे गेले. चाचांनी बरीच वर्षं ओमानमध्ये बोटीवर काढलेली. रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत असं घर शोधून सापडायचं नाही, ज्यातलं कुणी आखातात गेलेलं नाही. कुणी दुकानात, कुणी बांधकामावर, कुणी चाचांसारखं समुद्रावर. मला त्यांना विचारावंसं वाटलं ते एवढ्यासाठीच की मी ज्या समुद्राचा नकाशा पुस्तकात बघितला होता, तिथे ते प्रत्यक्ष राहिले होते.

मी काही बोलले नाही, नाव सांगितलं नाही. नुसता फोटो पुढे केला. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्यावर बघितलं, आणि लगेच म्हणाले, “बाय, हा हिकडं कसा आला? हा तर मस्कतचा.”

“नक्की, चाचा?”

“मत्राहच्या धक्क्यावर उन्हाळ्यात हेच असतात. बाकीचे पांढरे थंडीला येतात नि जातात. हे जात नाहीत.”

मग जाळ्यातली सुई बाजूला ठेवून ते बोलत राहिले. बोट ज्या बेटांच्या आडोशाला नांगरायची तिथे हे पक्षी भर उन्हाळ्यात जमिनीवर अंडी घालायचे. खडकाची किंवा झुडपाची सावली धरून, कारण उघड्यावर अंडं भाजून निघेल. शेजारी सुरयांची वसाहत असली की त्यांची अंडी आणि पिल्लं चोरायचे. कासवाची पिल्लं वाळूतून वर आली की त्यांवरही तुटून पडायचे. माणसाला भ्यायचे नाहीत, बोटीवर येऊन बसायचे. चोचीचं लाल टोक चाचांना पक्कं आठवत होतं. जेवणाच्या ताटलीतलं खाणं उचलताना त्यांनी ती चोच हातभर अंतरावरून बघितलेली.

संध्याकाळी घरी येऊन मी पुस्तकं काढली. उन्हाळ्यातली वीण, सावलीतलं घरटं, सुरयांच्या वसाहतींवरची चोरी, कासवांची पिल्लं, सगळं तिथे होतं. चाचांनी त्यातलं एकही पुस्तक उघडलेलं नाही.

तरी चाचांचं ओळखणं आणि माझं ओळखणं यांत एक फरक होता, आणि तो मला पुढच्या काही दिवसांत नीट उमगला. चाचांना खात्री होती. मला ती खात्री दुसऱ्या माणसापर्यंत पोचवायची होती, जो तिथे नव्हता आणि ज्याने माझ्यावर विश्वास ठेवण्याचं काही कारण नव्हतं. नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तशी ती तपासणाऱ्यांकडून विचारणा आली. तपकिरी डोकं म्हणताय, तर विणीच्या पिसाऱ्यातला तपकिरी डोक्याचा कुरव कशावरून नाही? ह्यूग्लिनच्या कुरवाचं पिल्लू कशावरून नाही? आणि तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला होता: व्हाइट-आइड गल कशावरून नाही?

मला हे प्रश्न आवडले. असे प्रश्न विचारले जातात म्हणूनच एखाद्या नोंदीला पुढे पन्नास वर्षांनी किंमत राहते. तपकिरी डोक्याच्या कुरवाची पाठ फिकट राखाडी असते आणि चोच लाल, इथे दोन्ही नव्हतं. ह्यूग्लिनचं पिल्लू अंगभर ठिपक्या-रेघांचं असतं आणि त्याची चोच काळपट, माझ्या पक्ष्याच्या अंगावर एक रेघ नव्हती. व्हाइट-आइड गलचं मात्र नीट उत्तर द्यावं लागलं, कारण तो याचा जवळचा भाऊबंद आहे, गडद डोक्याचा, आणि राहतो तांबड्या समुद्रात आणि एडनच्या आखातात. पण त्याची चोच बारीक, गडद लाल आणि काळ्या टोकाची. डोकं काळं. पाय ठळक पिवळे. डोळ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे ठसठशीत पांढऱ्या कोरी. मी चोचीचे तीन कोनांतले फोटो पाठवले, शेजारी बसलेल्या कुरवाच्या चोचीशी जाडीची तुलना करून. पंखाखालचा फोटो पाठवला. आणि चाचांचं म्हणणंही लिहिलं, त्यांना विचारून. ते पुरावा म्हणून मोजलं गेलं की नाही माहीत नाही, पण नोंदीत ते असायला हवं असं मला वाटलं. नोंद मान्य झाली.

पूर्वी असा पुरावा म्हणजे मारलेला पक्षी असे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे, जिची स्थापना १८८३ सालची, अशा कातड्यांचा प्रचंड संग्रह आहे. हुमायून अब्दुलअली यांनी त्यातल्या पक्ष्यांची सूची १९६८पासून पुढे वर्षानुवर्षं खपून प्रसिद्ध केली. प्रत्येक कातड्याला चिठ्ठी: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. आज कॅमेऱ्यामुळे पक्षी जिवंत राहतो, ही मोठीच गोष्ट झाली. पण चिठ्ठी लिहिण्याची शिस्त सुटता कामा नये. नुसता सुंदर फोटो, आणि खाली जागा नाही, वेळ नाही, बरोबर कोणते पक्षी होते ते नाही, हा पुरावा अर्धाच.

या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात एका माणसाचं नाव आहे, हेम्प्रिख. विल्हेल्म हेम्प्रिख हा जर्मन निसर्गअभ्यासक. १८२०मध्ये तो मित्र एरेनबर्गबरोबर इजिप्तकडे निघाला. दोघे सिनाईत गेले, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यांनी फिरले, हजारो प्राणी-वनस्पतींचे नमुने गोळा केले. १८२५मध्ये मसावा बंदरात, आजच्या एरिट्रियात, हेम्प्रिख तापाने गेला. वय २९. एरेनबर्ग एकटा परतला. पुढे १८५३मध्ये ब्रुख नावाच्या अभ्यासकाने या कुरवाला हेम्प्रिखचं नाव दिलं. मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याच्या घरी कुणी कळवलं? आखातात काम केलेल्या माणसाच्या मनात हा प्रश्न पहिला यावा, हे मला त्यानंतर कितीदा तरी आठवलं आहे.

बातमी पसरली तशी माणसं येऊ लागली. पुण्याहून, कोल्हापूरहून, मुंबईहून, रात्रभर गाडी चालवून. काहींना तो दिसला, काहींना नाही. तो कधी बंधाऱ्यावर असे, कधी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, कधी ‘पांढरा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्याकडे. मी त्यांना एवढंच सांगत होते की लिलावाच्या मध्ये उभं राहू नका, सुकत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. बहुतेकांनी ऐकलं. एक गोष्ट मात्र मला लागली. कित्येक जण आले, काळपट कुरव दिसला, फोटो झाला, आणि गाडी वळली. लडाखहून आलेल्या शेकडो पक्ष्यांकडे त्यांनी नजरही टाकली नाही. त्यांतल्या एकाच्या पायात गळाची नायलॉनची दोरी अडकलेली होती, तो लंगडत होता, आणि तो त्या काळपट कुरवापासून हाताच्या अंतरावर होता. दुर्मीळ पक्षी बघायला यावं, त्यात आनंद आहे, मीही गेले आहे अशी कितीदा. पण सूटी गल मत्राहच्या धक्क्यावर रोजचा आहे. तो दुर्मीळ ठरला तो आपल्या धक्क्यावर. मग ज्यांच्यामुळे तो ओळखू आला त्या साध्या कुरवांना निदान एकदा दुर्बीण लावावी, एवढी माझी इच्छा होती.

महिना उलटायच्या आत तो दिसेनासा झाला. का आला होता याचं उत्तर माझ्याकडे नाही. वीण संपल्यावर हे पक्षी पांगतात, त्यांतले बरेच आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला जातात. मकरान आणि कोकण यांच्यामध्ये सलग समुद्र आहे, आणि समुद्रावर जागोजागी बोटी आहेत, कुटा टाकणाऱ्या. एखादा पक्षी बोटींमागून बोटी धरत गुजरातच्या पाण्यातून खाली उतरला, यात अशक्य काही नाही. आता कुटाही पूर्वीसारखा फेकला जात नाही, मासळीपूड करणाऱ्या कारखान्यांना विकला जातो. त्यामुळे धक्क्यावरचं कुरवांचं खाणं बदलतंय, आणि त्याचा त्यांच्या संख्येवर काय परिणाम होतो ते माझ्या वहीतून कळायला अजून बरीच वर्षं लागतील.

पण चाचांच्या एका वाक्याने मला वेगळ्याच कामाला लावलं. उन्हाळ्यात हेच असतात, असं ते म्हणाले होते. आपल्याकडे कुरव बघायचे ते हिवाळ्यात. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तेव्हा किनाऱ्यावर सगळीकडे दुर्बिणी असतात. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. बोटी ओढून घेतलेल्या, त्यांवर झावळ्या आणि ताडपत्र्या, धक्का ओस, पाऊस आडवा. मासळी नाही म्हणून माझी नोंद नाही. पक्षी नाहीत असं सगळे धरून चालतात, म्हणून कुणाचीच नाही. म्हणजे जो पक्षी उन्हाळ्यात उत्तर अरबी समुद्रात सगळ्यात जास्त असतो, त्याच महिन्यांत आपण समुद्राकडे पाठ करून बसतो. तो क्वचित दिसतो असं आपण लिहितो, त्यात पक्ष्याचा वाटा किती आणि आपल्या सुट्टीचा किती, हे मला बघायचं आहे.

म्हणून आता पावसाळ्यातही मी बंधाऱ्याकडे जाते. दुर्बिणीच्या काचा सारख्या पुसाव्या लागतात, वही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लिहावी लागते, आणि पुष्कळदा पान कोरंच राहतं. कोऱ्या पानावरही मी तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिते. वादळी दिवसांनंतर समुद्र आत ढकलतो ते पक्षी अधूनमधून सापडतात: थकून वाळूवर बसलेला एखादा बूबी, एकदा एक सुरय जी एरवी आपल्या किनाऱ्याला येत नाही. काळपट कुरव अजून नाही. चाचांचा नातू सध्या मस्कतला आहे. मी त्याला सांगून ठेवलं आहे, मत्राहच्या धक्क्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात या वर्षीची पिल्लं दिसू लागली की फोटो पाठव, चोचीचा आणि शेपटीचा. पिल्लाची चोच राखी आणि काळ्या टोकाची असते, शेपटीला काळा पट्टा असतो. प्रौढापेक्षा पिल्लूच भटकत आपल्या किनाऱ्याला येण्याचा संभव अधिक, आणि ते ओळखायला मला अजून शिकायचं आहे.